सदऱ्यावरची भोकं आणि खडकीची काडतुसं

‘बापू लढाईच्या कामावर होते,’ एवढं एकच वाक्य आमच्या आजोळी तीन पिढ्या चालत आलं. कसलं काम, कुठे, किती वर्षं, हे कुणी विचारलं नाही आणि बापूंनी आपणहून सांगितलं नाही. बापू म्हणजे माझ्या आईचे वडील. मला आठवतात ते छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातल्या घराच्या ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले, गिरणीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. घरात त्यांचा फौजी गणवेशातला फोटो नाही, पदक नाही, लष्करी पेन्शनचं पुस्तक नाही. त्यामुळे नातवंडांपैकी काहींना हे वाक्य म्हणजे घरगुती बढाईच वाटायची.

ती बढाई नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बापू पुण्याजवळ खडकीला, काडतुसांच्या पितळेवर काम करत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्यांची नावं आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवीत. पण बंदुकीत भरलेली प्रत्येक गोळी कुणीतरी तयार केलेली असते. त्या माणसांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. ती शोधायची तर घरातूनच सुरुवात करावी लागते. बापूंचा माग मी कसा काढला ते इथे सांगते, कारण मामांकडे सापडली तशा जुन्या ट्रंका मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर असतील.

ट्रंकेत काय निघालं

मामांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तीन गोष्टी होत्या. एक पितळी बिल्ला, वर अडकवायचं भोक आणि चार आकडी क्रमांक. नाव नाही, खातं नाही. काही पोस्टकार्डं, त्यांवर खडकीचा शिक्का. आणि पणजोबांची जमाखर्चाची वही. पणजोबा कापसाच्या आडतीवर गुमास्ते होते, त्यामुळे घरखर्चही ते दुकानासारखाच लिहायचे.

पोस्टकार्डांतून फार हाती लागेना. ‘प्रकृती बरी आहे. पहिली पाळी चालू आहे. पैसे माणसाबरोबर पाठवले, पोच कळवावी. चिमीला सांभाळावे.’ कामाबद्दल अवाक्षर नाही. युद्धसामग्रीच्या कारखान्यातला माणूस पत्रात याहून जास्त लिहिणारही नव्हता.

खरा धागा मिळाला तो वहीत. एका पानावर नोंद होती: ‘बहमन १३५२, खडकीहून आले क. १२, हा. १४.’ पुढे दर दीड-दोन महिन्यांनी अशाच नोंदी. १३५२ हे साल ना इंग्रजी, ना शके, ना संवत.

फसली सन, हाली आणि कलदार

आज ज्यांना छत्रपती संभाजीनगर ही महानगरपालिका ठाऊक आहे, त्यांना सांगायला हवं की १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कारभाराची भाषा उर्दू, नाणं संस्थानाचं आणि सरकारी कागदावरचं साल फसली. दक्षिणेतलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे बारा महिने. हिशेब सोपा आहे: ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे बहमन १३५२ हा १९४२ चा डिसेंबर.

‘क.’ म्हणजे कलदार, इंग्रजांचा रुपया. ‘हा.’ म्हणजे हाली, निजामाचा रुपया. साधारण सहा कलदारांना सात हाली असा भाव असे, आणि वहीतली बारा-चौदाची जोडी त्याला बरोबर जुळते. बापूंचा पगार कलदारात होता, म्हणजे ते संस्थानाबाहेर, ब्रिटिश मुलखात काम करत होते. हाली रुपया संस्थान गेल्यानंतरही काही वर्षं चालला. तो पूर्णपणे बंद झाला १९५९ साली.

शेवटची नोंद तीर १३५५ ची आहे, म्हणजे १९४६ च्या मे-जूनची. एका नोकरीची दोन टोकं अशी सापडली: १९४२ ची अखेर आणि १९४६ चा उन्हाळा. कुणी सांगितलेली नाही, कुठल्या दाखल्यावर नाही, पण रुपया-आण्यांनी बांधलेली. घरखर्चाची वही खोटं बोलत नाही, हे मी आडतीवरच्या माणसाच्या पणतीच्या नात्याने खात्रीने सांगते.

मनमाडच्या पलीकडे

आपल्या शहरातून १९०० साली रेल्वे गेली ती मीटर गेजची, निजामाच्या मुलखातून मनमाडला जाणारी. मनमाडला गाडी बदलायची, मोठ्या रुळावरून दौंड, तिथून पुणे आणि मग खडकी. हद्द ओलांडताना सामान तपासायला करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई. मावशी सांगते, बापू येताना पोरांसाठी काही आणायचे तर ते घरी पोचेपर्यंत आजीच्या जिवाला घोर असायचा.

पण मराठवाड्यातल्या माणसाने एवढ्या लांब का जावं? त्याचं उत्तर १९४२ सालात आहे. मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि लढाई भारताच्या पूर्व सीमेवर येऊन ठेपली. त्याआधीच १९४० च्या ऑक्टोबरात दिल्लीत पूर्वेकडच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची परिषद झाली होती. सुएझच्या पूर्वेला लढणाऱ्या फौजांना लागणारं सामान शक्यतो इकडेच बनवायचं, असं धोरण तिथे ठरलं. भारतीय सैन्य वाढत वाढत पंचवीस लाखांच्या घरात गेलं. त्या प्रत्येक शिपायाला बूट, तंबू, कापड आणि गोळ्या हव्या होत्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसांची भरती जोरात होती आणि पगार कलदारात होता. सत्तावीस वर्षांच्या, घरी बायको आणि दोन मुली असलेल्या माणसाला एवढं कारण पुरेसं होतं.

खडकीचा दारूगोळा कारखाना तेव्हाही जुनाच म्हणायचा. हिंदुस्थानातला पहिला सरकारी शस्त्रकारखाना १८०१ मध्ये कोलकात्याजवळ काशीपूरला सुरू झाला. खडकीचा १८६९ चा. १९४० मध्ये खडकीतच स्फोटकांचा आणखी एक कारखाना उभा राहिला. जुन्या कारखान्यात छोट्या हत्यारांचा दारूगोळा तयार व्हायचा, त्यातलं मुख्य म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलचं काडतूस.

एक काडतूस कसं बनायचं

मी जन्मभर चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचं काम केलं. गेज आणि मायक्रोमीटर हेच माझे रोजचे सोबती. म्हणून बापू नेमके कुठल्या खात्यात होते हे शोधायचं, तर आधी ते काडतूस समजून घ्यायचं, असं मी ठरवलं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार छावणीत राहतात. त्यांच्याकडे कपाटात रिकामी, उडवलेली पुंगळी आहे. ती हातात घेतली. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब, बुडाशी बाहेर आलेला काठ, वर निमुळता होत गेलेला गळा. बूड भिंगाखाली धरलं. मधोमध टोपी, तिच्यावर रायफलच्या पिनेने मारलेला खड्डा. भोवती ठसे: एका बाजूला ‘के’, दुसऱ्या बाजूला ‘एफ’, मध्ये ब्रिटिश सरकारच्या मालाचा बाण, खाली ४३ आणि रोमन सात. ‘के एफ’ म्हणजे खडकीचा माल, ४३ म्हणजे १९४३ साल, सात म्हणजे गोळीचा सातवा नमुना. बापू खडकीला होते त्याच वर्षातली ही पुंगळी. ती त्यांच्या हातून गेली असेलच असं नाही, आणि तसं म्हणायची मला गरजही वाटत नाही. ते काम काय होतं हे तिने दाखवलं, तेवढं पुरे आहे.

ही पुंगळी पितळेची: सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. आधी पितळेच्या पट्टीतून चकती कापायची. प्रेसखाली तिची उथळ वाटी करायची. मग ती वाटी एकामागून एक अशा डायमधून दाबून लांब ओढायची, दर ओढीला भिंत पातळ आणि नळी लांब. पण थंड पितळ ओढलं की कडक होतं. तसंच पुढे रेटलं तर फाटतं. म्हणून दोन ओढींच्या मध्ये भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. तापवलं की वर काळा थर चढतो, तो तसाच राहिला तर पुढच्या ओढीत डायवर ओरखडे येतात. म्हणून भट्टीतून काढलेला माल पाणी घातलेल्या गंधकाच्या तेजाबात बुडवून, मग पाण्याने धुऊन स्वच्छ करायचा. ओढ, भट्टी, तेजाब, पाणी, पुन्हा ओढ. असे फेरे झाल्यावर बूड ठोकून घडवायचं, ठसा उमटवायचा, काठ कातायचा.

मग बारूद. थ्री-नॉट-थ्रीमध्ये भुकटी नसायची, तर कॉर्डाईटच्या काड्या, दिसायला शेवयांसारख्या. निलगिरीतल्या अरवनकाडूचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या बनवत होता. काड्यांची जुडी अरुंद गळ्यातून आत जाणार कशी? म्हणून आधी जुडी भरायची आणि नंतर गळा निमुळता करायचा. वरून चकती, मग सुमारे अकरा ग्रॅम वजनाची गोळी. शेवटी गेज, वजन, नजरेखालून तपासणी. पाच काडतुसांची एक क्लिप, आणि पन्नास काडतुसांचा कापडी पट्टा शिपायाच्या खांद्यावर.

पितळेत कडकपणा उरला तर काय होतं, याचा धडा इंग्रजांना हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जायचे. वर्षानुवर्षं कारण कळेना. १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ते उलगडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेच्या पोटात राहिलेला ताण, या तिन्हींचा तो परिणाम होता. तडा गेलेली पुंगळी रायफलमध्ये फुटली तर जखमी होतो तो आपलाच शिपाई. म्हणजे भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष शेकडो कोसांवरच्या एका जिवाशी बांधलेलं असायचं.

मावशीला आठवलेला सदरा

एवढं समजल्यावर मी मावशीकडे गेले. पोस्टकार्डांतली चिमी ती हीच. आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तारखा विचारून काही हाती लागलं नसतं. मी विचारलं, बापू खडकीहून यायचे तेव्हा कसे दिसायचे, अंगाला वास कसला यायचा.

‘अगं माय, त्यांच्या सदऱ्याला नुसती जाळी झालेली असायची,’ मावशी म्हणाली. ‘बारीक बारीक भोकं, पोटावर आणि बाह्यांना. आई म्हणायची, उंदरांनी कुरतडला का काय! आणि काठाला निळं-हिरवं, मोरचुदासारखं. कितीदा धुतला तरी जाईना. आई त्या सदऱ्यांची पायपुसणी करायची.’

मोरचूद म्हणजे तांब्याचं आणि गंधकाच्या तेजाबाचं क्षार. पितळ तेजाबात धुतलं की टाकीतलं पाणी हळूहळू निळं होत जातं ते त्याच्यामुळेच. आणि तेजाबाचा बारीक थेंब सुती कापडावर पडला की त्या जागी आधी काही दिसत नाही. दुसऱ्या धुण्यात तिथे भोक पडलेलं असतं. चिकलठाण्यात प्लेटिंगच्या टाक्यांवर काम करणाऱ्या आमच्या पोरांचे शर्ट मी असेच पाहिले आहेत. बापू भट्टी आणि प्रेस यांच्यामधल्या तेजाबाच्या टाक्यांवर होते. कुठल्याही कागदावर हे लिहिलेलं नाही. आजीच्या पायपुसण्यांवर लिहिलेलं होतं, आणि सात वर्षांच्या एका मुलीने ते वाचून ठेवलं होतं.

माझं सांगणं इथेच आहे. कामगाराचा माग तारखांनी आणि दाखल्यांनी लागत नाही, कारण त्याचे दाखले कुणी जपलेले नसतात. त्याचं काम समजून घ्या, म्हणजे घरात विखुरलेल्या बारीकसारीक गोष्टी आपणहून बोलू लागतात. पुंगळी कशी धुतात हे मला ठाऊक नसतं, तर मावशीचा सदरा ही म्हातारपणची एक आठवण म्हणून मी ऐकून घेतली असती.

इंग्रजांसाठी की पोटासाठी?

घरातल्या तरुण मुलांनी मला विचारलं, ‘चले जाव’च्या काळात बापू इंग्रजांच्या गोळ्या बनवत होते, याचा अभिमान कसा बाळगायचा? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’ म्हटलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बापू खडकीला लागले. २४ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या कॅपिटॉल चित्रपटगृहात क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट केला. त्या प्रकरणातले भास्कर कर्णिक लष्करी दारूगोळ्याच्या खात्यातच नोकरीला होते. पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांनी विष घेऊन प्राण दिला. पुण्यात फरासखान्याजवळ त्यांचं स्मारक आहे. त्या सुमाराच्या पोस्टकार्डात बापूंनी एकच ओळ लिहिली आहे: ‘इकडे बंदोबस्त फार आहे, काळजी नसावी.’

बापू कर्णिक नव्हते. पण ते इंग्रजभक्त होते असंही त्यांच्या आयुष्यात काही दिसत नाही. पणजोबांनी सुगीसाठी परत बोलावूनही ते आले नाहीत, म्हणून घरात त्यांच्यावर राग होता. त्या रागाचं उत्तर मला कायद्यात मिळालं. सरकारने १९४१ मध्ये अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला होता. त्यानुसार अशा कामावरच्या माणसाने परवानगीवाचून नोकरी सोडली तर तो गुन्हा होता. कामावर जाणं त्याच्या हातात होतं, सोडणं नव्हतं. मुलांना मी एवढंच म्हटलं: बापूंनी पाठवलेल्या चौदा हालीत या घराने महागाईची चार वर्षं काढली. त्याच गोळ्या १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाच्या लढाईत जपानी फौजेला रोखणाऱ्या आपल्या शिपायांच्या हातात होत्या, आणि समोर आझाद हिंद सेनेतही आपलीच माणसं होती. एवढ्या गुंतागुंतीच्या काळाचा न्याय एका शब्दात करता येत नाही. बापूंनी काम चोख केलं, याचा मला अभिमान आहे.

परत गिरणीत

युद्ध संपलं आणि कारखान्यांतली गर्दी ओसरली. १९४६ मध्ये बापू घरी आले आणि इथल्या कापड गिरणीत लागले. ही गिरणी १८८९ ची. आजचा मिल कॉर्नर चौक तिच्याच नावाने ओळखला जातो, पण तिथे रिक्षा थांबवणाऱ्या किती जणांना ती कुठली मिल हे ठाऊक असेल? १९४८ चा सप्टेंबर, पोलिस कारवाई, संस्थानाचा शेवट, हे सगळं बापूंनी भोंग्याच्या वेळा सांभाळत पाहिलं. १९७४ मध्ये देशातल्या आजारी गिरण्यांबरोबर ही गिरणीही सरकारच्या ताब्यात गेली तेव्हा ते निवृत्त झाले होते.

तुम्हाला शोधायचं असेल तर

घरातल्या सर्वांत वयस्क बाईला आधी विचारा. वर्ष विचारू नका. कपडे, वास, डबा, पाळीची वेळ, घरी येण्याची वाट विचारा. जुन्या वह्या, पोस्टकार्डं, बिल्ले, पासबुकं फेकू नका. हैदराबाद संस्थानातला कागद असेल तर फसली साल बदलून घ्या आणि उर्दू वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या. शहागंज, रोशन गेट भागांत असे जाणते निवृत्त शिक्षक आजही भेटतात. माझे कागदही असेच एका गुरुजींनी चहा पिता पिता वाचून दिले.

पुराभिलेख खात्याची कचेरी आपल्या शहरातही आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘अभिलेख पटल’ ही सूची घरबसल्या पाहता येते. युद्धकाळातल्या पुरवठा खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या फायली तिथे मिळतात. शस्त्रकारखान्यांचं जुनं मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे. अर्ज करताना नावाबरोबर बिल्ल्याचा क्रमांक आणि अंदाजाचं साल द्या, म्हणजे शोधणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं.

आणि एक काम आजच करा. या शहरात बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या आगेमागे हजारो घरांत पाळीवर जाणारी माणसं तयार झाली. ती पिढी आता निवृत्त होते आहे. तुमच्या वडिलांनी, आईने, काकांनी कुठल्या शॉपमध्ये, कुठल्या मशीनवर, नेमका कुठला पार्ट केला, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. गेट पास आणि पहिली पगारपावती जपून ठेवा. बापूंच्या बाबतीत आम्हाला ऐंशी वर्षांनी भोकांवरून अंदाज बांधावा लागला. तुमच्याकडे तर अजून सांगणारा माणूस घरातच बसलेला आहे; त्याच्यासमोर वही उघडा आणि विचारायला लागा.